नदीपलीकडची लेसर लिंक: ब्राझाव्हिल–किन्शासा प्रकरण अभ्यास

काँगो नदीच्या उजव्या काठावर ब्राझाव्हिल आहे आणि डाव्या काठावर किन्शासा. पहिली काँगो प्रजासत्ताकाची राजधानी, दुसरी काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची. रोम आणि व्हॅटिकन वगळले, तर इतक्या जवळ वसलेल्या दोन राजधान्या जगात नाहीत. एका काठावर उभं राहिलं की पलीकडच्या इमारती दिसतात. मध्ये पूल नाही. माणसं आणि माल बोटीनेच ये-जा करतात.

डेटाची वाट याहून लांबची होती. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या ‘एक्स’ या प्रयोगशाळेने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, ब्राझाव्हिलहून किन्शासाला फायबर न्यायची तर नदीला वळसा घालून ४०० किलोमीटरहून जास्त केबल टाकावी लागते. त्यामुळे किन्शासात जोडणी पाचपट महाग पडते, असंही त्यांनी म्हटलं होतं. समोर दिसणाऱ्या शहराशी बोलायला मुंबई ते कोल्हापूरएवढा पल्ला. यावर उपाय म्हणून एक्सच्या ‘तारा’ या गटाने लिक्विड इंटेलिजंट टेक्नॉलॉजीज या आफ्रिकी कंपनीबरोबर दोन्ही काठांवर एकेक यंत्र बसवलं आणि ४.८ किलोमीटर रुंद मोकळ्या हवेतून अदृश्य प्रकाशाचा किरण सोडला. २० दिवसांत या किरणावरून जवळपास ७०० टेराबाइट डेटा गेला आणि लिंक ९९.९ टक्के वेळ चालू राहिली.

लेसरने इंटरनेट पाठवण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींना वाटतं की आता खोदाई संपली. काहींना वाटतं की पहिल्या पावसात हे सगळं बंद पडणार. काँगोचं प्रकरण नीट उलगडलं तर दोन्ही मतं ढिली पडतात. माझं स्वतःचं मत आधीच सांगतो: या यशात लेसरचा वाटा मोठा आहेच, पण त्याहून मोठा वाटा जागा नेमकी निवडण्याचा आहे. पुढची आकडेमोड त्यासाठीच आहे.

नदी आडवी का येते

काँगो ही साधी नदी नाही. सरासरी सेकंदाला सुमारे ४१,००० घनमीटर पाणी वाहून नेणारी ही नदी पाण्याच्या प्रमाणात ॲमेझॉननंतर जगात दुसरी. दोन राजधान्यांच्या वरच्या अंगाला ती मालेबो नावाच्या प्रचंड डोहासारख्या भागात पसरते आणि शहरं ओलांडताच धबधब्यांच्या आणि खडकाळ उतारांच्या मालिकेत घुसते. खालच्या टप्प्यात तिची खोली काही ठिकाणी २०० मीटरच्या पुढे जाते. अशा प्रवाहाच्या तळाशी केबल टाकायची, ती टिकवायची आणि तुटली तर शोधून जोडायची, हे काम खर्चाचं आणि जोखमीचं आहे.

ही नदी समुद्रात शिरल्यावरही केबलवाल्यांना सोडत नाही. तिच्या मुखापासून समुद्राच्या तळाशी एक खोल दरी लांबवर गेलेली आहे. जानेवारी २०२० मध्ये या दरीतून गाळाचा एक लोंढा ११०० किलोमीटरहून जास्त अंतर वाहत गेला आणि त्याने सॅट-३ आणि डब्ल्यूएसीएस या दोन समुद्री केबल तोडल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा तेच झालं. म्हणजे या भागात केबल तुटणं हा कल्पनेतला धोका नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. डब्ल्यूएसीएस ही केबल दोन्ही देशांच्या किनाऱ्यांवर उतरते. त्यामुळे समुद्रात काही तुटलं, तर शहरांमधला लेसर किरण ती उणीव एकटा भरून काढू शकत नाही. त्याचा उपयोग जमिनीवरच्या वाटेपुरता: किनाऱ्यापासून राजधानीपर्यंतच्या एका देशातल्या फायबरवर ताण आला किंवा ती तुटली, तर शेजारच्या देशातून यायला एक आखूड पर्यायी रस्ता. नेटवर्कच्या धंद्यात हा पर्यायी रस्ता फार मोलाचा असतो. ग्राहकाला आपण ‘दोन वाटांची जोडणी’ म्हणून विकतो आणि दोन्ही वाटा एकाच डक्टमधून, म्हणजे केबलच्या एकाच नळीतून, जातात, हे प्रकार आपल्याकडेही सर्रास होतात. जेसीबीचा एक घाव बसला की मग दोन्ही एकदम बंद.

बलूनमधून जमिनीवर

तारा हा गट आकाशातून जमिनीवर आलेला आहे. एक्समध्ये ‘लून’ नावाचा प्रकल्प होता. उंच वातावरणात फुगे सोडून त्यांवरून दुर्गम भागांना इंटरनेट द्यायचं, ही त्याची कल्पना. फुग्याकडून फुग्याकडे डेटा नेण्यासाठी तिथे लेसर वापरले गेले आणि १०० किलोमीटरहून जास्त अंतरावरच्या दोन फुग्यांमध्ये जोडणी साधली गेली. लून जानेवारी २०२१ मध्ये बंद झाला, पण ते लेसर मात्र वाया गेले नाहीत. लूनमध्ये काम केलेले, चेन्नईत वाढलेले अभियंते महेश कृष्णस्वामी यांनी तेच तंत्र जमिनीवर आणण्याचा ध्यास घेतला आणि ताराचं नेतृत्व केलं. लून बंद होण्याआधीच, डिसेंबर २०१७ मध्ये, आंध्र प्रदेशच्या सरकारी फायबर कंपनीबरोबर अशा २००० लिंकचा करार जाहीर झाला होता. पुढे २०२० मध्ये इकोनेट या आफ्रिकी दूरसंचार समूहाबरोबर आफ्रिकेत केनियापासून सुरुवात झाली. ब्राझाव्हिल–किन्शासा ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

प्रकाशाने हवेतून निरोप पाठवण्याची कल्पना तशी जुनी. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीपर्यंत सूर्यप्रकाशाच्या झोतावर माणसाचा आवाज पाठवला होता. आवाजाने थरथरणारा आरसा एका बाजूला, सेलेनियमचा ग्राहक दुसऱ्या बाजूला. इमारतीकडून इमारतीकडे, वायरशिवाय, प्रकाशावर. ढग आले की संभाषण बंद, हा अडथळा तेव्हाही हवेचाच होता.

यंत्र काय करतं

तत्त्व सोपं आहे. फायबरमध्ये काचेच्या तंतूतून जो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश धावतो, तसाच प्रकाश इथे दुर्बिणीसारख्या भिंगातून हवेत सोडतात. पलीकडचं भिंग तो गोळा करून पुन्हा फायबरमध्ये किंवा संवेदकावर टाकतं. दोन्ही दिशांची वाहतूक एकाच वेळी चालते. ताराची यंत्रं २० गिगाबिट प्रतिसेकंद वेगापर्यंत आणि अनुकूल हवेत २० किलोमीटर अंतरापर्यंत चालतात, असा कंपनीचा दावा आहे. या क्षेत्रात १५५० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी लोकप्रिय आहे, त्यामागे दोन कारणं आहेत. फायबरच्या धंद्यासाठी बनलेले लेसर आणि ॲम्प्लिफायर याच तरंगलांबीला तयार मिळतात. शिवाय हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत जवळजवळ पोचत नाही, म्हणून ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या लेसरपेक्षा जास्त शक्ती सुरक्षितपणे वापरता येते.

स्पेक्ट्रमचा प्रश्नही बाजूला पडतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम ३००० गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरींपुरते आहेत, आणि १५५० नॅनोमीटर म्हणजे सुमारे १,९३,००० गिगाहर्ट्झ. लिलाव नाही आणि शेजारच्या टॉवरशी हस्तक्षेपाची भांडणंही नाहीत. सीमेपलीकडे दूरसंचार सेवा नेण्याच्या परवानगीचा विषय वेगळा. किरणाला स्पेक्ट्रम लागत नाही म्हणून कंपनीला परवाना लागत नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

खरी कसोटी नेम धरण्यात आहे. इथे जरा रेंगाळतो, कारण जाहिरातीत हा भाग एका ओळीत उरकतात.

समजा किरण एक मिलिरेडियन पसरतो. कोनात हे किती? एका अंशाचा सतरावा भाग. ४.८ किलोमीटरवर पोचेपर्यंत या किरणाचा ठिपका ४.८ मीटर रुंद झालेला असेल. पलीकडचं भिंग १० सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर त्या ठिपक्यातला साधारण २३०० वा भागच भिंगात शिरतो, बाकी सगळा प्रकाश नदीवर आणि भिंतीवर सांडतो. डेसिबलमध्ये ही तूट ३३ ते ३४ (दर १० डेसिबलला प्रकाश दहापट कमी होतो). आता किरण वीसपट अरुंद करा, ५० मायक्रोरेडियन. ठिपका सुमारे २४ सेंटिमीटरवर येतो आणि तूट फक्त साडेसात-आठ डेसिबल राहते. वाचलेले २६ डेसिबल म्हणजे चारशेपट प्रकाश. हीच शिल्लक पुढे पाऊस आणि धुरकट हवेत खर्चायला मिळते.

पण किरण अरुंद केला की नेम चुकण्याची सवलत संपते. रेडिओच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला हा फरक पटकन जाणवत नाही. मायक्रोवेव्ह डिशचा झोत साधारण अंशभर रुंद असतो, त्यामुळे वाऱ्यात टॉवर अर्धा अंश हलला तरी सिग्नल थोडा खाली-वर होतो आणि काम चालतं. तोच अर्धा अंश ४.८ किलोमीटरवर ४२ मीटरचा फरक पाडतो. २४ सेंटिमीटरचा ठिपका ४२ मीटर बाजूला गेला, तर लिंक कुठली राहणार? आणि हलायला टॉवरच हवा असं नाही. काँक्रीटची उंच इमारतही दिवसभरात उन्हाची बाजू बदलली की किंचित झुकते. गच्चीवरचा एसीचा कंप्रेसर चालू झाला की खांब थरथरतो. लोखंडी ब्रॅकेट दुपारी तापून फुगतं आणि पहाटे आकसतं.

म्हणून या यंत्रांत दोन पातळ्यांवर नेम धरतात. ढोबळ वळण मोटरने होतं, आणि बारीक वळण आतले छोटे आरसे सतत, सेकंदात कितीतरी वेळा, देत राहतात. समोरून येणारा प्रकाश संवेदकाच्या मध्यापासून किती सरकला ते मोजायचं आणि आरसा तेवढाच उलट फिरवायचा. चॉपस्टिकएवढ्या रुंदीचा किरण १० किलोमीटरवरच्या ५ सेंटिमीटरच्या लक्ष्यावर बसवता येतो, असं तारा सांगते. हिशेब केला तर ही अचूकता ५ मायक्रोरेडियन येते. लेसर आणि संवेदक फायबरच्या बाजारातून तयार मिळतात. हे आरशांचं नियंत्रण मात्र घाम गाळून मिळवावं लागतं. माझ्या मते ताराची मूळ कमाई हीच आहे.

आकडे उलगडून

आता ७०० टेराबाइट. ऐकायला प्रचंड वाटतं. २० दिवसांत विभागलं तर दिवसाला ३५ टेराबाइट, आणि सेकंदाच्या हिशेबाने सरासरी साधारण ३.२ गिगाबिट. २० गिगाबिटच्या क्षमतेचा हा जेमतेम सहावा हिस्सा झाला. यात कमीपणा काहीच नाही. कोणत्याही शहराची वाहतूक रात्री आठ ते अकरा दरम्यान फुगते आणि पहाटे ओसरते. लिंक घ्यायची ती फुगवट्याच्या मापाने. सरासरी ३.२ असताना वर भरपूर जागा असणं हे चांगल्या नियोजनाचंच लक्षण. पण ‘२० गिगाबिटची लिंक’ आणि ‘२० गिगाबिट वाहणारी लिंक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचताना लक्षात ठेवावं.

९९.९ टक्क्यांचंही तसंच. २० दिवस म्हणजे २८,८०० मिनिटं. त्यातला एक हजारांश भाग म्हणजे सुमारे २९ मिनिटं लिंक बंद. हाच दर वर्षभर धरला तर पावणेनऊ तास. दूरसंचार कंपन्या मोठ्या ग्राहकांना ९९.९९९ टक्क्यांची भाषा बोलतात, तिथे वर्षाला पाच-सव्वापाच मिनिटंच बंद चालतं. शिवाय २० दिवस हा एका ऋतूचाही पूर्ण तुकडा नाही. किन्शासात साधारण ऑक्टोबर ते मे पावसाळा आणि जून ते सप्टेंबर कोरडा काळ असतो. पावसाळ्यातली वादळी सर आणि कोरड्या महिन्यांतली धुरकट हवा यांची किरणाशी गाठ वेगवेगळ्या पद्धतीने पडते, म्हणून २० दिवसांच्या टक्केवारीवरून वर्षाची टक्केवारी काढणं धोक्याचं.

ताराचे अभियांत्रिकी प्रमुख बारिस एर्कमेन यांनी ही मर्यादा लपवली नाही, याचं मला कौतुक वाटतं. सगळ्या हवामानात परिपूर्ण भरवशाची अपेक्षा ठेवता येणार नाही, हे त्यांनी निकालाबरोबरच सांगितलं. धुक्याच्या सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी हे तंत्र आदर्श नाही, पण जगात योग्य हवामानाच्या जागा भरपूर आहेत, अशी त्यांची मांडणी होती. हलका पाऊस, धुरकट हवा आणि मध्येच उडणारे पक्षी, यांत मात्र यंत्रं एकमेकांना धरून राहिली.

पक्ष्याचा प्रश्न वरवर गमतीचा वाटतो, पण लिंक चालवणाऱ्याला तो चांगलाच भोवतो. एखादा मध्यम पक्षी सेकंदाला दहा मीटर वेगाने भिंगाजवळून आडवा गेला तर किरण ४० मिलिसेकंद अडतो. २० गिगाबिटच्या वेगात एवढ्या वेळात १०० मेगाबाइट डेटा हवेत हरवू शकतो. हा डेटा पुन्हा पाठवता येतो. खरं नुकसान पुढे होतं. यंत्राला जोडलेल्या स्विचला वाटतं की केबल निघाली आणि तो पोर्ट डाऊन, म्हणजे जोडणी बंद, दाखवतो. राउटर लगेच ती वाट यादीतून काढतो आणि सगळी वाहतूक दुसरीकडे वळवतो. तोवर पक्षी कधीच निघून गेलेला असतो, पोर्ट पुन्हा अप होतं, राउटर वाहतूक परत वळवतो. ४० मिलिसेकंदांच्या अडथळ्याची किंमत कित्येक सेकंद. दिवसात असं शंभरदा झालं, तर लिंक कागदावर ९९.९ टक्के चालू असूनही व्हिडिओ कॉलवरचा माणूस वैतागतो. यावर उपाय दोन्हीकडे करावा लागतो: यंत्राने हरवलेला डेटा स्वतःच साठवून पुन्हा पाठवायचा, आणि राउटरने पोर्ट पडल्याची बातमी थोडी थांबून मनावर घ्यायची. ‘लिंक फ्लॅप’, म्हणजे लिंकचं असं सतत चालू-बंद होणं, हा शब्द ज्यांनी रात्रपाळीत ऐकला आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

हवा: कुठे जिंकते, कुठे हरते

काँगोची जागा का जमली, हे समजायला धुक्याचा हिशेब पुरेसा आहे. दृश्य प्रकाशासाठी एक ढोबळ सूत्र आहे: १७ ला किलोमीटरमधल्या दृश्यमानतेने भागा, म्हणजे दर किलोमीटरला किती डेसिबल तूट ते मिळतं. अवरक्त प्रकाशाला धुरकट हवेत थोडी सूट मिळते, दाट धुक्यात ती सूटही जाते.

दृश्यमानता १० किलोमीटर असेल तर तूट किलोमीटरला १.७, म्हणजे काँगोच्या ४.८ किलोमीटरवर ८ डेसिबल. सहज परवडते. दृश्यमानता एका किलोमीटरवर आली तर तूट ८२ डेसिबल. इथे कोणतंही व्यवहार्य यंत्र हात टेकतं. दाट धुक्यात, २०० मीटर दृश्यमानतेला, तूट ४०० डेसिबलच्या पुढे. एवढ्या तुटीपुढे लेसरची शक्ती वाढवण्याची भाषाच निरर्थक आहे. धुक्याचे थेंब बारीक, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासच्या मापाचे किंवा त्याहून थोडे मोठे, आणि संख्येने अगणित असतात. ते प्रकाश चहूकडे विखुरतात. पावसाचे थेंब मिलिमीटरभर मोठे पण विरळ. म्हणून धो-धो पाऊस डोळ्यांना भयंकर वाटला तरी किरणाला धुक्याइतका मारत नाही. तासाला २५ मिलिमीटरच्या जोरदार पावसात तूट किलोमीटरला साधारण ९ डेसिबल, १०० मिलिमीटरच्या पावसात २३ च्या आसपास. ४.८ किलोमीटरवर पहिला पाऊस ४३ ते ४५ डेसिबल खातो, दुसरा ११० च्या वर. म्हणजे उष्णकटिबंधातली मोठी सर नदीवर आली की लिंक पडणारच, पण सर तासाभरात ओसरते. धुकं रात्रभर बसून राहतं.

आणखी एक गोष्ट नदीच्या बाजूने आहे. तापलेल्या गच्च्यांवरून आणि डांबरी रस्त्यांवरून उठणारी गरम हवा प्रकाशाला डळमळवते; त्यामुळे पलीकडे पोचणारा प्रकाश क्षणोक्षणी कमी-जास्त होतो. पाण्यावर हा त्रास सहसा कमी असतो. शहराच्या मध्यातून, डांबर आणि पत्र्यांवरून काढलेल्या तेवढ्याच लांबीच्या लिंकला दुपारी याहून जास्त झुंजावं लागलं असतं.

जागेची निवड म्हणतो ती ही. ४.८ किलोमीटरचं मोकळं अंतर, धुक्याचा जाच कमी, खाली पाणी, मध्ये कोणतीही नवी इमारत उभी राहण्याची शक्यता नाही, आणि पर्याय ४०० किलोमीटरचा. यातल्या शेवटच्या मुद्द्यामुळे वर्षाचे काही तास लिंक बंद राहिली तरी सौदा फायद्याचा ठरतो. फायबरची स्वस्त आणि आखूड वाट शेजारी असती, तर हाच ९९.९ चा आकडा नापास ठरला असता.

इमारत ते इमारत, आपल्या हवेत

२०२३ मध्ये भारती एअरटेल आणि तारा यांची भारतातली भागीदारी समोर आली. खेड्यांबरोबर शहरांचाही विचार त्यात होता. केबल पुरण्यापेक्षा इमारतीकडून इमारतीकडे किरणाने डेटा नेणं स्वस्त पडतं, असं एअरटेलचे तंत्रज्ञान प्रमुख रणदीप सेखों यांनी त्या वेळी म्हटलं होतं. आपल्याकडच्या शहरांत केबलपेक्षा खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च महाग असतो, त्यामुळे हे म्हणणं मला पटतं. मधून रेल्वेची रूळवाट जात असेल तर परवानगीचा कालावधीच प्रकल्प खाऊन टाकतो.

इथे काँगोचं सूत्र उलटं लावून बघावं. नदीवर अंतर ४.८ किलोमीटर होतं. रस्त्याच्या दोन बाजूंच्या इमारतींत ते ३०० ते ५०० मीटर असतं. तूट किलोमीटरच्या हिशेबाने वाढते, म्हणून अंतर दहावा भाग झालं की तूटही दहावा भाग. मुंबईच्या तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात ५०० मीटरच्या लिंकला १२ डेसिबल मोजावे लागतील. बरी लिंक एवढं सहज सोसते. २०० मीटर दृश्यमानतेच्या धुक्यात ३०० मीटरवर २५ डेसिबल: काठावर, पण निभावतं. म्हणून मुंबई, ठाणे, पुण्यातल्या दोन इमारतींमध्ये पावसाळ्याचं भय दाखवून कोणी हे तंत्र नाकारत असेल तर त्यांनी अंतर विचारलेलं नसतं. दिल्लीच्या जानेवारीतली ५० मीटर दृश्यमानता मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे ३०० मीटरवरही १०० डेसिबल जातात. महाबळेश्वर, माथेरान किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरतो, तिथे मी ही लिंक एकटी कधीच सुचवणार नाही.

एकटी हा शब्द इथे महत्त्वाचा. लेसरला धुकं मारतं आणि ७०–८० गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक त्याच धुक्यातून आरपार जाते. उलट मोठा पाऊस त्या रेडिओला जबर हाणतो. धुकं आणि ढगफुटी सहसा एका वेळी येत नाहीत, म्हणून दोन्ही शेजारी बसवल्या तर एक पडली की दुसरी उभी राहते. वेग कमी मिळतो, पण बँकेचे व्यवहार आणि फोन चालू राहतात. खिडकीच्या काचेआडून लिंक काढायचा मोह अनेकांना होतो, कारण गच्चीची परवानगी लागत नाही. साध्या काचेत दर पृष्ठभागाला सुमारे चार टक्के प्रकाश परततो, ते चालतं. उष्णता अडवणारा लेप असलेल्या नव्या काचा मात्र अवरक्त प्रकाशच अडवायला बनवलेल्या असतात. तिथे आधी मोजून घ्यावं.

काँगोनंतर तारा बरीच पुढे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी नखाएवढी एक सिलिकॉन चिप दाखवली, जी आरसे न हलवता प्रकाशाची दिशा वळवते. बाहेरच्या हवेत एका किलोमीटरवर १० गिगाबिटची चाचणी त्यांनी जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये कंपनी अल्फाबेटपासून वेगळी झाली, अल्फाबेटकडे अल्प हिस्सा राहिला. हलणारे आरसे आणि मोटर गेले तर किंमत आणि देखभाल दोन्ही उतरतील, आणि दोन इमारतींमधली लिंक लहान कंपनीच्या आवाक्यात येईल. माझं लक्ष काँगोपेक्षाही याकडे आहे.

तोवर कोणी अशी लिंक घ्यायच्या विचारात असेल तर विक्रेत्याला वेग विचारण्याआधी तुमच्या सर्वांत जवळच्या हवामान केंद्राची तासागणिक दृश्यमानता पाच वर्षांची काढून आणायला सांगा आणि तिच्यावर तुमच्या अंतराचा हिशेब मांडून घ्या. यंत्र ज्या खांबावर बसणार तो गच्चीच्या पॅरापेटला (कठड्याला) बांधलेला आहे की स्तंभाच्या डोक्यावर, ते स्वतः जाऊन बघा. आणि पैसे देण्याआधी एक चाचणी समोर करून घ्या: भिंगासमोर पुठ्ठा आडवा धरायचा, पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) चालू ठेवायचा, जोडीची रेडिओ लिंक वाहतूक किती वेळात उचलून घेते ते मोजायचं, मग पुठ्ठा काढून वाहतूक परत लेसरवर यायला किती वेळ लागतो तेही मोजायचं, आणि दोन्ही आकडे करारात लिहून घ्यायचे.